कळफलकाची ओळख



पनवेलहून गोव्याच्या हमरस्त्याने कर्नाळ्याकडे निघाले की वाटेत शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली येथे जन्मले, म्हणून इतिहासाच्या वाचकाला या गावाची ओळख करून द्यावी लागत नाही. आज मात्र आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात बंड नाही, खटला नाही. तो आहे संगणकाच्या कळफलकाचा. एवढ्याशा वस्तूचा कसला इतिहास, असे कोणी म्हणेल. पण तो ठाऊक नसल्यामुळे एका घराचे आठ-नऊ वर्षांचे श्रम पाण्यात जाण्याची वेळ आली होती, आणि ते घर याच शिरढोणात होते.

घरचे गृहस्थ नोकरीतून निवृत्त झालेले. घराण्यातील मोडी कागद एकेक वाचून ते बाळबोधीत उतरवून घेत, आणि ते सारे लेखन एका जुन्या संगणकात साठवीत. संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती, आणि कागद खाजगी म्हणून डिस्कला कुलूप घातलेले होते. यंत्र सुरू होताना परवलीचा शब्द विचारी, तो दिल्यावाचून आतले काही दिसत नसे. एका पावसाळ्यात दमट हवेने जुना कळफलक बिघडला. मुलाने नवा आणला, तो यूएसबीचा. यंत्र सुरू केले, पडद्यावर परवलीचा शब्द विचारला गेला, आणि कितीही कळा दाबल्या तरी पडदा ढिम्म. दुसरा नवा कळफलक आणला, त्याचीही तीच गत. दुरुस्तीला आलेल्या माणसाने निर्वाळा दिला, “डिस्क पुसून सगळे नव्याने घालावे लागेल.” दुसरी प्रत कोठेही नव्हती. गृहस्थ आम्हांला म्हणाले, “अहो, शब्द मला पाठ आहे, पण तो सांगू कोणाला? ऐकणाराच कोणी नाही.”

ऐकणारा कोण, हाच या प्रकरणातला खरा प्रश्न. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

फडके पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करीत होते त्याच काळात, १८७४ साली, अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने टंकलेखनयंत्र बाजारात आणले. त्या यंत्रात कळ दाबली की तरफ उचलली जाई आणि खिळा कागदावर आपटे. बोट आणि अक्षर यांच्यामध्ये केवळ लोखंड होते. ओळख पटवण्याचा प्रश्नच नव्हता. संगणकाने हा सरळ संबंध तोडला. १९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक निघाला, त्याच्या कळफलकातून अक्षर जात नसे, कळीचा क्रमांक जाई. तो कोणीतरी ऐकायचा आणि त्याचे अक्षर करायचे. १९८४ च्या पुढच्या यंत्रात या कामासाठी मुख्य पाटीवर एक स्वतंत्र नियंत्रक नेमला गेला. त्याची जागा ठरलेली, त्याला हाक मारण्याची रीत ठरलेली. १९८७ साली त्याला बारीक गोल खुंटी मिळाली. ती अनेकांनी पाहिली असेल. या व्यवस्थेत कळफलक हा घरातला माणूस होता. यंत्र जागे होताच प्रत्येक आज्ञावली त्याला ओळखत असे.

पण घरात माणसे वाढली. छापयंत्राची खुंटी वेगळी, माऊसची वेगळी, मोडेमची वेगळी, आणि जोडताना यंत्र बंद करावे लागे ते निराळेच. या गोंधळावर सात कंपन्यांनी मिळून तोड काढली, ती यूएसबी. तिचा पहिला आराखडा जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कामात इंटेल कंपनीतले ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. सर्वांना एकच दार, ही सोय मोठी झाली. मात्र तिचे मोलही द्यावे लागले. घरचा माणूस होता तो कळफलक आता पाहुणा झाला. दारात आलेल्या प्रत्येकाला यंत्र विचारते, तू कोण? मग त्याला क्रमांक देते, त्याची माहिती वाचते, आणि त्याची भाषा जाणणारा दुभाषी बोलावते. त्यानंतरही कळफलक आपण होऊन बोलत नाही. यंत्र दर काही मिलिसेकंदांनी विचारते, तेव्हा तो सांगतो. विचारणारा कोणी नसेल तर कळा दाबणे व्यर्थ.

आता यंत्र सुरू होण्याच्या मिनिटभरात काय घडते ते पाहा. जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारा बदलावा तसे येथे तीन पहारेकरी एकामागून एक येतात.

पहिला पहारेकरी म्हणजे मुख्य पाटीवरच्या चिपेत भरलेली मूळ आज्ञावली. तिच्या तुटपुंज्या बुद्धीसाठी यूएसबीच्या नियमांत एक सोपी बोली ठेवलेली आहे. दर खेपेस आठच बाइट : पहिल्यात शिफ्टसारख्या जोडकळा, दुसरा राखीव, उरलेल्या सहांत दाबलेल्या कळा. जुन्या यंत्रांत ही आज्ञावली आणखी एक युक्ती करते : यूएसबीच्या कळफलकाला जुन्या गोल खुंटीच्या कळफलकाचे सोंग देते. दुसरा पहारेकरी म्हणजे कोणती प्रणाली चालू करायची ते विचारणारी यादी. लिनक्सवर बहुधा ग्रब. तो सामान्यतः पहिल्याच्या शब्दावर विसंबतो, म्हणून सोंग त्यालाही चालते.

तिसरा येतो तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स यांनी तो प्रथम रचला तेव्हा त्यात फिनलंडचा कळफलक कायमचा बसवून टाकला होता. ज्याच्या टेबलावर जे, त्याच्या यंत्रात ते. यूएसबीचा रीतसर कारभार २००१ च्या जानेवारीत निघालेल्या २.४ या आवृत्तीपासून रुळला. कर्नल आला की यूएसबीचा ताबा पहिल्या पहारेकऱ्याकडून काढून घेतो. त्याच क्षणी सोंग उतरते. आता कर्नलला स्वतःचे दुभाषे हवेत, आणि ते तर कुलूपबंद डिस्कच्या आत!

ही अडचण लिनक्सच्या कर्त्यांना ठाऊक होती. म्हणून डिस्क उघडेपर्यंत पुरेल अशी एक शिदोरी कर्नलबरोबर बांधून दिलेली असते. तिला इनिट-रॅम-एफएस म्हणतात. तीत निवडक दुभाषे असतात. शिदोरी हलकी राहावी म्हणून काही ठिकाणी ती बांधताना त्या दिवशी यंत्राला जे जोडलेले असेल तेवढेच पाहून दुभाषे घेतले जातात. शिरढोणच्या त्या संगणकात ती बांधली गेली त्या दिवशी गोल खुंटीचा कळफलक जोडलेला होता. यूएसबीचा दुभाषी शिदोरीत आलाच नव्हता. नवा कळफलक धडधाकट होता, परवलीचा शब्द खरा होता, डिस्कही शाबूत होती.

हे आम्हांला कसे कळले? कळफलक कोठपर्यंत चालतो ते पाहून. इतिहासाचा व्यवहारातला उपयोग तो हाच. यंत्र सुरू होताच मूळ आज्ञावलीच्या पडद्यावरही कळा चालत नसतील तर दोष खुंटीत, तारेत, मध्ये लावलेल्या हबमध्ये, किंवा त्या आज्ञावलीच्या सेटिंगमध्ये आहे. झटपट सुरू होण्यासाठी ती कधी यूएसबीची विचारपूसच गाळते. अशा वेळी हब काढून कळफलक थेट पाठीमागच्या खुंटीत लावावा. ग्रबच्या यादीत बाण वरखाली होतो आणि परवलीच्या शब्दापाशी सारे थांबते, तर शिदोरीत उणीव आहे. आणि कळा उमटतात पण शब्द चुकीचा ठरतो, तर बहुधा कळांची मांडणी वेगळी आहे. मराठी मांडणीत ठरवलेला शब्द तेथे इंग्रजी मांडणीत वाचला जातो. शिरढोणला यादीतला बाण हलत होता. तेव्हाच आम्ही डिस्क पुसण्याचा विचार सोडून देण्यास सांगितले.

उपाय साधा निघाला. प्रथम यादीतून जुना कर्नल निवडून पाहिला, कारण त्याची शिदोरी वेगळी असते. पण तीही तशीच निघाली. मग पनवेलच्या जुन्या सामानाच्या दुकानातून गोल खुंटीचा एक पिवळट कळफलक आणला. तो चालू यंत्रात लावू नये, म्हणून यंत्र पूर्ण बंद करून जोडला. गोल खुंटी नसती तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून डिस्क उघडता आली असती. गृहस्थांनी परवलीचा शब्द टंकला, एंटर दाबले, आणि डिस्क उघडली. शिदोरीत यूएसबीच्या नियंत्रकाचा आणि कळफलकाचा असे दोन्ही दुभाषे घालून ती पुन्हा बांधली. जुनी तशीच वेगळी ठेवली, कारण नवी फसली तर परतीची वाट असावी. दुसऱ्या खेपेस नवा कळफलक पहिल्याच कळीला बोलला.

यंत्र पुसायला सांगणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. त्याने बंद दार पाहिले आणि घर रिकामे समजला. नवी सोय स्वीकारताना जुनी ओळख कोणी कोणाला करून दिली आणि कोण विसरले, हे तपासण्याची सवय आपल्यालाही थोडीच असते. मोडी लिपीचे हेच झाले. कागद शाबूत राहिले, पण वाचणारे विरळ झाले. आणि न वाचता येणारा कागद रद्दीत घालावा असे सांगणारे सल्लागार गावोगाव भेटतात.

त्या संध्याकाळी गृहस्थांनी सर्वांत आधी एक काम केले. सगळ्या लिप्यंतराची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढली आणि ती मुलाच्या हाती दिली. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असे एकुलते एक लेखन असेल त्यांनी आज घरी गेल्यावर तेवढे करावे, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.