नामदेवांचा ‘आज’

उद्याची चिंता सोडून आज जगावे, हा उपदेश सर्व काळी केला गेला आहे. तो करणे सोपे असते. म्हणूनच त्याविषयी शंकाही घेतली जाते. आमच्याकडे ही शंका संतांवरील आक्षेपाच्या रूपाने आली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी संतांना समाजाच्या निष्क्रियतेबद्दल दोषी धरले, तर न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठ्यांच्या उत्कर्षाची भूमी संतांनीच तयार केली असे प्रतिपादिले. या वादात संत नामदेवांची साक्ष आम्हांस महत्त्वाची वाटते.

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या हयातीत महाराष्ट्राचे भवितव्य वारंवार पालटले. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तेही त्याच वर्षी. पुढे यादवांचे राज्य बुडाले, महंमद तुघलकाने देवगिरीस राजधानी हलविली आणि १३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली. उद्याचा भरवसा नसणे हा त्या पिढीचा रोजचा अनुभव होता.

याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, अशी परंपरा आहे. विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकताच, देव नसेल अशा जागी माझे पाय उचलून ठेव, असे ते म्हणाले. तशी जागा सापडेना. या कथेचा रूढ अर्थ स्थलाविषयी आहे. आम्ही तो कालालाही लावतो. देव पंढरपुरापुरता नसेल, तर तो उद्यापुरताही नाही.

नामदेवांची वाणी पुढे पंजाबात रुजली. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत. त्याच ग्रंथातील कबीरांच्या श्लोकांत त्रिलोचन आणि नामदेव यांचा संवाद येतो. कापड छापण्याच्या उद्योगात गुंतून तू रामाकडे चित्त का लावत नाहीस, असे त्रिलोचन विचारतात. मुखाने नाम घ्यावे, हातापायांनी काम करावे आणि चित्त निरंजनापाशी असू द्यावे, अशा आशयाचे उत्तर नामदेव देतात.

येथे आरोप निष्क्रियतेचा नाही. तो अतिरिक्त कामाचा आहे! शिवाय परलोकाची काळजी हीसुद्धा उद्याचीच काळजी. नामदेव दोन्ही काळज्या हातातल्या कामात विरघळवून टाकतात. गज आणि कात्री ही शिंप्याची साधने त्यांच्या पदात साधनेची रूपके होतात, ती उगीच नव्हे.

म्हणून चिंता आणि तजवीज यांत भेद केला पाहिजे. हिंगोलीचा शेतकरी आज हळदीचे पीक घेतो. बेणे राखणे, पावसाळ्याच्या तोंडी ते लावणे आणि आठ-नऊ महिने पीक जपणे, यांत उद्या आहेच. पण तो आजच्या कामाच्या रूपाने आहे. भाव पडला किंवा पाऊस चुकला, तर त्याच शेतकऱ्याला निश्चिंत राहण्याचा उपदेश करणे मात्र क्रूरपणाचे होईल. नामदेवांनी आपले उत्तर स्वतःच्या श्रमाविषयी दिले होते. दुसऱ्याच्या विवंचनेवर ते औषध म्हणून लावण्याचा अधिकार आम्हांस त्यातून मिळत नाही.