एका गिअरपेटीची हकीकत

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास सांगणारे लोक बहुधा विजेत्यांची नावे सांगतात. आम्ही आज एका मोडक्या गिअरपेटीची हकीकत सांगणार आहो. ती ऐकून कोणाला हसू आले तरी आमची हरकत नाही. मात्र शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच विनंती.

उत्तर लंडनमधील हॉर्नसी या भागात रेल्वे हॉटेल नावाचे एक मद्यगृह होते. ते चालविणाऱ्या गृहस्थांचा मुलगा कॉलिन चॅपमन याने १९५२ साली त्यामागील जुन्या तबेल्यांत लोटस नावाचा मोटारींचा कारखाना थाटला. चॅपमन शिकला होता स्थापत्य. पुलाच्या कोणत्या कांबीवर किती भार येतो याचा हिशेब करणारा हा माणूस मोटारीकडेही त्याच नजरेने पाहू लागला. इतर लोक मोठे एंजिन शोधीत. हा गाडीतील अनावश्यक लोखंड शोधी.

असे वजन उतरवीत जाणाऱ्याची दृष्टी शेवटी गिअरपेटीवर जाणारच. साध्या मोटारीची गिअरपेटी जड असते. तेव्हा १९५७ च्या लोटस १२ या एकआसनी शर्यतीच्या गाडीसाठी रिचर्ड ॲन्सडेल आणि हॅरी मंडी यांच्या आराखड्यावरून एक नवीच पेटी घडविण्यात आली. पुढल्या वर्षी लोटस १५ या दुआसनी हलक्या स्पोर्ट्‌स गाडीतही तीच बसली. ती पुढे एंजिनाला न जोडता मागील चाकांच्या मधोमध ठेवली होती, म्हणजे गाडीचे वजन मागेपुढे नीट वाटले जाई. आत पाच गिअर, सर्व चक्रांचे दाते कायम एकमेकांत अडकलेले. एक सरकता तुकडा क्रमाने एकेका चक्राला पकडी. पेटी आटोपशीर होती आणि कागदावर तर फारच सुंदर होती.

मोटारसायकल चालविणाऱ्यांना ही रीत ठाऊक आहे. पहिल्यानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा; मधला गिअर गाळता येत नाही. तेच काम येथे हाताच्या दांड्याने करायचे. पण आपला एस. टी. चा ड्रायव्हर दांड्याकडे पाहून गिअर कोणता ते सांगू शकतो. येथे दांडा प्रत्येक वेळी मूळ जागी परत येई. कोणत्या गिअरमध्ये आहो याची मोजदाद चालकाने मनात ठेवायची, आणि तीही वळण अंगावर येत असताना! मोजणी चुकली की पेटीचे हाल, आणि कधी कधी चालकाचेही. मेकॅनिक मंडळींनी तिला 'विक्षिप्त पेटी' अशा अर्थाचे टोपणनाव ठेवले, ते उगाच नव्हे.

गाडी बाहेर काढावी, पेटी मोडावी, उघडावी, दुरुस्त करावी, पुन्हा गाडी काढावी, असा क्रम सुरू झाला. चाचणीचा एक दोष आम्हांला येथे दिसतो. वस्तू मोडली एवढेच ती सांगते. का मोडली हे सांगत नाही. ते शोधण्यासाठी १९५७ साली कीथ डकवर्थ हा चोवीस वर्षांचा तरुण लोटसमध्ये आला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, वादात कोणाला हार न जाणारा. त्याने वंगणाच्या व्यवस्थेत दोष काढला. गिअर पकडण्याच्या रचनेतही काढला. काही दुरुस्त्या केल्या. परंतु ही पेटी ठिगळांनी नीट व्हायची नाही, मुळापासून नवी आखली पाहिजे, असे त्याचे मत झाले आणि ते त्याने मालकाला तोंडावर सांगितले.

चॅपमनला दोष देणे सोपे आहे. पण गाड्या विकून शर्यतींचा खर्च भागविणाऱ्या माणसाला पुन्हा पाटी कोरी करणे परवडत नसते, हेही विसरू नये. मतभेद मिटला नाही. डकवर्थने नोकरी सोडली आणि १९५८ मध्ये लोटसमधीलच माइक कॉस्टिन याच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली. दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून तिचे नाव झाले कॉसवर्थ. गंमत अशी की कॉस्टिन कराराने बांधलेला होता, त्यामुळे १९६२ पर्यंत तो लोटसमध्येच राहिला!

इकडे मे १९५८ मध्ये मोनॅकोला लोटसने पहिली ग्रां प्री शर्यत लढविली. क्लिफ ॲलिसन सहावा आला. दुसरा चालक ग्रॅहम हिल. चोवीस वर्षांचा होईतो त्याला मोटार चालविता येत नव्हती आणि लोटसमध्ये तो मेकॅनिक म्हणून शिरला होता. त्याची गाडी शर्यत पुरी करू शकली नाही. पुढे लोटस १५ च्या नंतरच्या गाड्यांत एंजिनामागे नेहमीची पेटी परत आली.

चॅपमनने मात्र तो भांडखोर पोरगा लक्षात ठेवला होता. १९६५ च्या सुमारास त्याला शर्यतीचे नवे एंजिन हवे झाले, तेव्हा त्याने फोर्ड कंपनीला गळ घालून एक लाख पौंड मिळविले. कोणासाठी, तर डकवर्थसाठी. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडफोर्ट येथे ते एंजिन लोटस ४९ मध्ये प्रथम धावले आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. त्या गाडीचा सांगाडा चॅपमनच्या कारखान्याचा होता, एंजिन डकवर्थचे होते, आणि गिअरपेटी झेड. एफ. या जर्मन कंपनीकडून विकत आणलेली होती.