राजाघरची नारंगी

नागपूर-वऱ्हाडाकडे संत्र्या-नारंगीच्या बागाच्या बागा उभ्या असतात. त्या झाडाला हिवाळ्यात उचलून घरात घ्यावे, असे तिकडे कुणाच्या स्वप्नातही यायचे नाही. पण हीच नारंगी युरोपात गेली आणि घरात राहू लागली. नाव मात्र इकडचेच घेऊन गेली. संस्कृतातला 'नारंग' फारसीतून अरबीत आणि अरबीतून स्पेनमध्ये पोहोचला. फ्रेंचांनी त्याचा आरंभीचा 'न' गाळून 'ओरांज' केले.

उत्तर फ्रान्सच्या थंडीत हे झाड उघड्यावर तगत नाही. तेव्हा ज्याच्यापाशी पैसा, त्याने ते लाकडी पेटीत लावावे, उन्हाळ्यात अंगणात मांडावे आणि थंडी पडायच्या आत आत न्यावे. फळाचा सोस फारसा नव्हता, कारण ती नारंगी बहुधा कडूच. हवा होता फुलांचा वास, बारमाही हिरवा पाला, आणि खरे सांगायचे तर मिरवायला काहीतरी! चौदाव्या लुईचा अर्थमंत्री फूके याने अशी पुष्कळ झाडे बाळगली होती. १६६१ साली राजाने त्याला कैदेत टाकले. पुढे झाडे राजाच्या बागेत आली.

व्हर्सायला या झाडांसाठी आर्दुएँ-मांसार या वास्तुकाराने १६८४ ते १६८६ या काळात घरच बांधले. लांबी दीडशे मीटरांवर, कमान तेरा मीटर उंच, भिंती जाड, खिडक्या दक्षिणेला. शेगडीवाचून ऊब टिकावी अशी ही सारी योजना. पेट्यांच्या बाजू उघडता येत, म्हणजे मुळे छाटायची, माती बदलायची सोय झाली. खुद्द आरसेमहालात तर झाडे चांदीच्या कुंड्यांत उभी असत. १६८९ साली लढाईच्या खर्चासाठी राजाने ती चांदी वितळवली. झाडाला त्याचे काय? त्याला लाकूडच अधिक मानवते.

राज्ये गेली, पण ते घर राहिले. १८७१ साली पॅरिसचे कम्यून मोडून काढल्यावर पकडलेली माणसे याच नारंगीघरात कोंडली होती. ते दिवस मे-जूनचे, एरवी झाडे उन्हाला काढायचा हंगाम.

आजही तिथे हजारांवर पेट्या आहेत. नारंगी, लिंबू, डाळिंब, कण्हेर; काही झाडे दोनशे वर्षांपलीकडची. मेच्या मध्याला ती बाहेर येतात आणि ऑक्टोबरात पुन्हा आत जातात.