पानातले औषध

यंदा श्रावणात आमच्या घरी डोहाळेजेवण झाले. सूनबाई धारवाडकडची. माहेर कानडी बोलणारे, लिंगायत आणि आमच्यासारखेच शाकाहारी. त्यामुळे समारंभ एक आणि नावे दोन. आम्ही डोहाळेजेवण म्हणत होतो, विहीणबाई कुबस म्हणत होत्या. आम्ही डोहाळे म्हटले की त्या बयके म्हणत. सीमाभागातल्या घरांना हे नवे नाही. पण त्या दिवशी खरा वाद रंगला तो भाषेवरून नव्हे, आहारावरून. आमच्या सौ. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांच्या बाजूने, तर विहीणबाई नाचणीच्या अंबलीच्या बाजूने. त्यात शेजारच्या एका बाईंनी भर घातली, "नुसत्या भाजीभाकरीत ताकद कुठली? निदान या दिवसांत तरी अंडी, मटणाचे सूप द्यायला हवे."

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, कोपऱ्यात वाती वळत बसली होती. साठी ओलांडलेली. ती एवढेच म्हणाली, "काय खायचं ते मागनं ठरवा. ती जेवते केव्हा, ते आधी सांगा."

सगळे गप्प झाले. अक्का असे का बोलली, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते.

१९८५ साली मी आठवीत होतो. अक्का पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. घरात माणसे चौदा. पुरुष आणि मुले आधी जेवत, मग वडीलधाऱ्या बायका आणि शेवटी आई नि अक्का. तोवर आमटी पातळ झालेली असे आणि भाजीचे पातेले पुसलेले असे. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या आणण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्या इमानेइतबारे आणत होतो. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत असे की, गोळ्यांनी मूल मोठे होते आणि मग सुटका अवघड जाते. गोळ्या फडताळातल्या डब्यात साठत गेल्या. आठव्या महिन्यात अक्काला चार पायऱ्या चढल्या की धाप लागे. डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या दिसत. बाळंतपणात रक्तस्राव झाला, रक्त चढवावे लागले. अक्का वाचली, मूल वाचले नाही. पुढे घर आवरताना तो डबा माझ्याच हाती लागला. भरलेला होता.

डोहाळेजेवणाच्या त्या रात्री मला झोप लागली नाही. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने सवयीप्रमाणे मी जुन्या कागदांकडे वळलो. शाकाहारी गर्भवतीच्या पानात काय असावे, या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि त्यातले एक मोठे पान आपल्या मुंबईत लिहिले गेले आहे. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रारंभ चरकापासून करू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीसाठी महिनेवार आहार सांगितला आहे. पहिल्या महिन्यात दूध, तिसऱ्यात मध आणि तूप घातलेले दूध, चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप, आठव्यात दुधात शिजवलेली तूप घातलेली पेज. प्राचीन वैद्यक काही सर्वस्वी शाकाहारी नव्हते. सुश्रुताने चौथ्या महिन्यात मांसही सांगितले आहे. पण चरकाचा हा महिनेवार क्रम मुख्यतः दुधावर उभा आहे. गर्भिणीला दोन हृदये असतात, म्हणून तिची इच्छा ही गर्भाचीही इच्छा, ती मोडू नये, असेही हे ग्रंथ सांगतात. त्या दौहृदातूनच आपला 'डोहाळे' हा शब्द आला, असे परंपरा मानते. म्हणजे बाईला मागण्याचा अधिकार शास्त्राने दिला होता. प्रश्न होता तो ज्या घरात मागायलाच काही नाही, त्या घराचा.

अशी घरे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणगावात हजारो होती. तिथल्या गरीब गर्भवती बायकांना एक भयंकर पांडुरोग होई. रक्त पाण्यासारखे फिके होई आणि अनेक जणी बाळंतपणाआधी किंवा नंतर दगावत. या रोगाचा तपास करण्यासाठी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या सूचनेवरून १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज बाई मुंबईत आली. जन्म १८८८ चा, शिक्षण केंब्रिज आणि लंडन येथे. वैद्यकाची पदवी घेऊनही तिने दवाखाना थाटला नव्हता, प्रयोगशाळा पत्करली होती. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम सुरू केले.

प्रथम तिने जंतूंचा संशय घेऊन पाहिला. तो टिकला नाही. मग ती बायकांच्या ताटाकडे वळली. कोणत्या समाजातल्या बायका काय खातात, किती खातात, याच्या तिने नोंदी केल्या. ज्यांच्या जेवणात फळे, भाज्या जवळजवळ नव्हत्या, त्या गरीब घरांतच रोग अधिक होता. पुढे अशाच निकस आहारावर ठेवलेल्या माकडांनाही रक्तक्षय झाल्याचे तिला दिसले.

त्या काळी रक्ताच्या एका घातक रोगावर औषध सापडले होते. १९२६ साली अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी रोग्यांना प्राण्याचे यकृत, म्हणजे काळीज, खाऊ घालून बरे केले होते. विल्सबाईंच्या रोग्यांनाही काळीज लागू पडे. पण ते महाग, आणि शाकाहारी बाईने ते कसे खावे? (काळजाचा शुद्ध केलेला अर्क त्या मूळ रोगावर चाले, मुंबईच्या या रोगावर मात्र चालत नाही, हेही पुढे दिसून आले.) तेव्हा त्यांनी मार्माइट वापरून पाहिले. बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून इंग्लंडात तयार होणारा हा काळा, खारट अर्क तिकडे पावाला लावून खातात. किंमत स्वस्त, आणि त्यात मांसाचा अंश नाही. बायका झपाट्याने सुधारल्या. १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. काळजातही आहे आणि यीस्टमध्येही आहे, असे हे द्रव्य कोणते, ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. जगाने त्याला 'विल्स घटक' म्हटले.

त्याचा छडा लागायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१ साली टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक वापरून त्यातून ते द्रव्य अल्प प्रमाणात वेगळे काढले. पानातून मिळाले म्हणून लॅटिनमधल्या 'फोलियम', म्हणजे पान, या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले. लगेच काही वर्षांत ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या लेडर्ली कंपनीतील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. १९९१ साली सात देशांतल्या एका मोठ्या चाचणीने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. ज्यांच्या आधीच्या मुलात मेंदू किंवा पाठीच्या कण्याचे जन्मजात व्यंग होते, अशा बायकांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर पुन्हा तसे व्यंग होण्याचा धोका सुमारे तीन चतुर्थांशाने घटतो. हा भाग गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत जुळून जातो. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून ही गोळी मूल हवे असे ठरवतानाच सुरू करायची असते.

तर वाचकहो, परळच्या त्या बायकांना जे हवे होते, ते मेथीत होते, राजगिऱ्यात होते, हरभऱ्यात नि मुगात होते. शेजारच्या बाईंना निम्मे उत्तर इथे मिळते.

निम्मेच, कारण इतिहासाने पुढे एक वळण घेतले. १९४८ साली ब-१२ हे जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले. ते झाडपाल्यात नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. ज्या माता पालेभाज्या नि फळे वारंवार खात होत्या आणि दूध घेत होत्या, त्यांची बाळे जन्मतः अधिक चांगल्या बांध्याची होती. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की, फॉलिक आम्लाची कमतरता जवळजवळ कोणातच नव्हती आणि ब-१२ मात्र निम्म्याहून अधिक जणींत कमी होते. ज्यांच्यात फॉलिक आम्ल भरपूर पण ब-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच पुढच्या मधुमेहाची चाहूल देणाऱ्या खुणा अधिक आढळल्या. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. परळला १९२८ साली पाला कमी पडत होता, इथे दूध कमी पडले. चरकाची दुधाची वाटी आणि विल्सबाईंचा पाला, दोन्ही एकाच पानात हवीत, असा या दोन अध्यायांचा अर्थ मी लावतो.

आता थोडे आपल्या स्वयंपाकघरातले. अंबाडीला कानडीत पुंडी पल्ल्या म्हणतात, पण भाकरीशी दोन्ही घरांत तिची सारखीच गट्टी आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, पिठले किंवा मोडाची उसळ असली की प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. अंबाडीचे आंबट पाणी काढावे लागते हे खरे, पण मेथी, पालक उकडून पाणी ओतून देऊ नये, फार वेळ शिजवूही नये. फॉलिक आम्ल पाण्यात जाते आणि उष्णतेने नासते. भाजी-उसळीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणाबरोबर नको, तो लोह अडवतो. नाचणीत चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर. विहीणबाई चुकल्या नव्हत्या. रोज दूध-दही हवेच, आणि ब-१२ ची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

आणि गोळ्या. आपल्या देशात गर्भवतींना लोह नि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम १९७० पासून आहे. आज चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, असा नियम आहे. गोळीने शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. ती दूध-चहाबरोबर घेऊ नये. आणि मूल मोठे होऊन अडते, या भीतीने ती डब्यात तर मुळीच टाकू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० पैकी ५२ गर्भवतींच्या रक्तात लोहित कमी आढळले. पन्नास वर्षे गोळ्या वाटूनही ही स्थिती आहे. मला त्या आकड्यात आमच्या फडताळातला डबा दिसतो.

लूसी विल्स यांनी रोगाचे कारण शोधण्यासाठी बाईच्या ताटात डोकावून पाहिले. १९८५ साली आम्ही चौदा जण एका घरात राहत होतो, पण अक्काच्या ताटात कोणी डोकावले नाही. मीही नाही. गोळ्या आणून दिल्या की माझे काम संपले, असे मी समजत होतो.

डोहाळेजेवणाच्या दिवशी पंगतीची तयारी झाली तेव्हा पहिले पान अक्काने स्वतः मांडले. त्यावर मेथीची भाजी, मुगाची उसळ, लिंबाची फोड, भाकरी, वाटीभर दही. सूनबाई संकोचून म्हणाली, "आत्या, मोठ्यांचं होऊ दे आधी."

अक्का म्हणाली, "आज तूच मोठी. बस."

विहीणबाईंना मराठी बेताचेच येते. पण एवढे त्यांना बरोबर समजले. त्यांनी लेकीच्या पानात तूप वाढले आणि अक्काचा हात क्षणभर धरून ठेवला. हा अंक आपल्या हाती पडेल तोवर आमच्या घरी पाळणा हलत असेल. आपल्याही घरात कोणाला दिवस गेले असतील, तर यंदा फराळाचे पहिले ताट तिला द्या, आणि रोजच्या जेवणाचेही.