सुट्टीतील भेट : बोध की आनंद?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत भाचीला मी थोर स्त्रियांच्या चरित्रांचे पुस्तक भेट दिले. महिनाभराने पाहते तो ते फडताळात तसेच! मनाला लागले.

मग आपल्या बालवाङ्मयाचा इतिहास आठवला. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी मासिक काढले, त्याचे नाव ‘बालबोध’. मुलांना ज्ञान व्हावे, वळण लागावे, हा त्यांचा हेतू. म्हणून त्यात थोरांची चरित्रे असत. पुढे पंचवीस वर्षांनी, १९०६ साली, वासुदेव गोविंद आपटे यांनी आपल्या मासिकाचे नाव ठेवले ‘आनंद’. या दोन नावांतच केवढे अंतर आहे! १९३३ साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीत बोध आहेच. पण तो आधी डोळ्यांत पाणी आणतो, मग मनात उतरतो.

माझी चूक उमगली. ती भेट मी भाचीला नव्हे, माझ्याच आवडीला दिली होती. दिवाळीत तिलाच दुकानात नेले. तिने भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ उचलला. त्या दिवशी जेवायला हाका मारून आमचे घसे बसले!

भगिनींनो, सुट्टीत पुस्तक अवश्य द्या. निवड मात्र मुलांना करू द्या. चरित्रांचे पुस्तक अजून फडताळात आहे. त्याचीही वेळ येईल.