खाणीवरचा मुक्काम

साखळी, डिचोली, मये, शिरगाव या भागातून जाताना सपाट माथ्याचे, पायऱ्या पाडल्यासारखे डोंगर दिसतात. पावसाळ्यात ते इतके हिरवे होतात, की बाहेरून आलेल्या पाहुण्याला ते सह्याद्रीचेच फाटे वाटावेत. आपल्याला मात्र ठाऊक असते, की हे डोंगर माणसांनी रचलेले आहेत. एक टन लोहखनिज काढायचे तर साधारण अडीच-तीन टन माती आणि दगड उपसावे लागतात. ते जिथे नेऊन ओततात, त्याला सगळेच ‘डंप’ म्हणतात. डंप आहे म्हणजे जवळपास खाणीचा खड्डाही आहे. खाण बंद झाली, पंप थांबले, की हा खड्डा पाण्याने भरतो आणि काही वर्षांनी नवख्याला तो तलावच वाटू लागतो.

आपल्या मंडळात मुलांच्या शिबिराची चर्चा चालू असताना ‘या वेळी समुद्रकिनारा नको, खाणीवर जाऊ’ अशी सूचना आली. तेव्हा दोन मते पडली. काहींना वाटले, त्या उजाड जागी मुलांना दाखवायचे काय? उलट ज्यांच्या घरातल्या एका पिढीचे आयुष्य खाणीवर, टिपरवर, बार्जवर किंवा बंदरात गेले, त्यांना वाटले, की मुलांना हेच आधी दाखवायला हवे. त्या चर्चेतून हा लेख लिहावासा वाटला.

जुन्या खाणीवर तंबू ठोकून राहण्याची कल्पना जगाला नवी नाही. जर्मनीत ग्रेफेनहाइनिशेन गावाजवळ गोल्पा-नॉर्ड नावाची लिग्नाइट कोळशाची उघडी खाण होती. ती १९९१ मध्ये बंद झाली. पाच अवजड यंत्रे तिथेच राहिली. त्यांतले सर्वांत मोठे जवळपास २००० टन वजनाचे होते. ती भंगारात काढण्याऐवजी १९९५ मध्ये तिथे ‘फेरोपोलिस’, म्हणजे लोखंडाचे शहर, या नावाने खुले संग्रहालय उभारण्यात आले. खड्डा पाण्याने भरून त्याचे सरोवर केले. १९९९ पासून तिथे मोठे संगीत महोत्सव होऊ लागले, हजारो तरुण यंत्रांच्या सावलीत तंबू ठोकून राहू लागले. आपल्या महाराष्ट्रातही नागपूरजवळ सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची उघडी कोळसा खाण पर्यटकांना दाखवण्याचा उपक्रम वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी २०१६ मध्ये सुरू केला. मग आपल्या डिचोलीनेच काय घोडे मारले आहे?

गोव्यातल्या लोहखनिजाचा पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे ९५ किलोमीटर पसरला आहे. त्याचे वरचे टोक पेडणे तालुक्यात तेरेखोल नदीकाठच्या नायबाग येथे आहे आणि खालचे टोक सांगे भागातल्या साळगिणी येथे. डिचोली या पट्ट्याच्या उत्तर भागात येते. हे तालुके ‘नव्या काबिजादी’तले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी त्यांतले डिचोली आणि पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतले. पेडणे त्यांच्या हाती आले १७८८ मध्ये. जमिनीखाली लोखंड आहे याची तेव्हा कुणाला फिकीर नव्हती. २० सप्टेंबर १९०६ रोजी पोर्तुगालने वसाहतींसाठी खाणकायदा केला आणि त्याखाली पुढे खाणींचे परवाने दिले गेले. हे परवाने कायमचे असत. त्यांचा परिणाम आपल्याला शंभर वर्षांनी न्यायालयात दिसणार होता.

खरा उद्योग सुरू झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानला पोलादासाठी कच्चा माल हवा होता आणि गोव्याच्या खाणींपासून नदी जवळ होती, नदीतून बंदर गाठता येत होते. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज राजवटीला तगवून धरण्यात खनिजाच्या निर्यातीचा मोठा वाटा होता. १९५४ मध्ये ‘स्कांबी इकोनॉमिची’ नावाची इटालियन वळणाची कंपनी इथे आली. तिच्या आद्याक्षरांवरूनच पुढे ‘सेसा’ हे नाव रूढ झाले. १९९६ मध्ये ती जपानच्या मित्सुईकडे आणि २००७ मध्ये वेदांतकडे गेली. साखळीच्या मातीवर कुठल्या कुठल्या देशांची नजर होती, हे एवढ्यावरूनही कळते.

सुरुवातीला यंत्रे नव्हती. पहारीने डोंगर फोडायचा, बायांनी टोपल्या डोक्यावरून वाहायच्या, खनिज हाताने निवडायचे, असा तो उद्योग होता. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, चंदगड, बेळगाव, कारवार अशा भागांतून माणसे आली. खाणीच्या कडेला झावळ्यांच्या नाहीतर पत्र्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. तंबूत राहण्याची हौस आज आपल्याला वाटते, पण खाणीवरचा पहिला मुक्काम या लोकांचा होता. पावसाळ्यात खाण थांबली, की त्यांतले बरेच जण शेतीसाठी गावी जात आणि गणपती उरकून परतत. मुक्तीनंतर, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ नंतर, हिशेबनीस, फिटर, सर्व्हेअर, शिक्षक, बँकेतले कारकून असे आणखी लोक आले. आपल्यापैकी अनेक घरांचे इथले मूळ त्या वेळचे आहे.

खाणीतून निघालेले खनिज टिपरने धक्क्यावर येई आणि तिथून बार्जमधून मांडवी उतरत मुरगाव बंदरात पोहोचे. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आणि लाटा यांमुळे बार्ज समुद्रात काढणे धोक्याचे होई. तेव्हा ती कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत शिरत आणि आतल्या वाटेने मुरगाव गाठत. कालव्यात भरती-ओहोटीचा मेळ बसवणे, दोन बार्ज समोरासमोर आल्या तर वाट देणे, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते तांडेलांच्या डोक्यात होते. त्यांतले बरेच जण आता सत्तरी ओलांडून गेले आहेत.

पेडण्याच्या अगदी शेजारी, तेरेखोलच्या मुखापासून हाकेच्या अंतरावर, सिंधुदुर्गातले रेडी आहे. तिथेही लोहखनिजाची खाण आणि माल पाठवणारे बंदर. १९७६ मध्ये तिथे खाणीवरच्या एका ट्रकचालकाला स्वप्नात दृष्टांत झाला, असे सांगतात. त्याने दाखवलेल्या जागी खणल्यावर जांभ्या दगडात कोरलेली गणपतीची भव्य मूर्ती निघाली. काही दिवसांनी जवळच उंदीरही सापडला. हा गणपती द्विभुज आहे, एका हाताने आशीर्वाद देणारा, दुसऱ्या हातात मोदक घेतलेला. आज तिथे देऊळ आहे आणि आपल्यातली बहुतेक कुटुंबे तिथे जाऊन आली आहेत. दृष्टांतावर ज्याने त्याने हवा तेवढा विश्वास ठेवावा. इतिहास म्हणून एवढे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे, की जमीन खणायला लोखंडासाठी सुरुवात झाली आणि खाली जुन्या काळच्या माणसांच्या हाताचे काम मिळाले. या भागात खाणीच्याही आधी एक जग होते.

त्या आधीच्या जगाला खाणीने किती धक्का दिला, हे डिचोली तालुक्यातल्या गावकऱ्यांना विचारावे. खाण खोल जाऊन भूजलाच्या पातळीखाली उतरली, की तळ कोरडा ठेवण्यासाठी रात्रंदिवस पंप चालवावे लागतात. खड्ड्यातले पाणी उपसले, की आजूबाजूच्या विहिरींचे पाणी खाली जाते. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला धोंड तळीत स्नान करून होमखंडातून जातात. त्याच शिरगावच्या शेतकऱ्यांना विहिरी आणि शेते वाचवण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. पावसात डंपची माती वाहून भाताच्या शेतात आणि ओहोळांत उतरे. चवथीच्या माटोळीला बांधायची रानफळे, रानफुले ज्या डोंगरांवरून येत, त्यांतले काही डोंगर उरलेच नाहीत. खाणीने अनेकांच्या घरी चूल पेटवली आणि काही गावांच्या विहिरी आटवल्या. दोन्ही गोष्टी एकाच काळात, कधी एकाच घरात घडल्या.

पुढची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडली. चीनच्या मागणीने भाव चढले. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. रस्त्यावर टिपरांची रांग संपत नसे, झाडांची पाने लाल झाली होती. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पोर्तुगीज काळचे कायमचे परवाने संसदेने १९८७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत बदलले होते. त्या पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती, असा निकाल न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी दिला. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेचा १० टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले. नव्याने केलेली ८८ पट्ट्यांची नूतनीकरणेही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या.

या तारखा कायद्याच्या पुस्तकात राहतील. घरात त्यांचा अर्थ वेगळा होता. कर्ज काढून घेतलेले टिपर अंगणात उभे राहिले, त्यांच्या चाकांखाली गवत उगवले. बार्ज नदीकाठी गंजत पडल्या. गॅरेज, खानावळी, टायरची दुकाने बंद झाली. त्याच वर्षांत काही विहिरींना पाणी परत आले, असेही लोक सांगतात.

आता काळ पुन्हा फिरला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, त्यांत पहिले नाव डिचोलीचेच होते आणि २०२४ मध्ये तिथे काम पुन्हा सुरू झाले. जुन्या डंपमधल्या कमी प्रतीच्या खनिजालाही आता किंमत आली आहे. म्हणजे ज्या डोंगरांचा उल्लेख आम्ही सुरुवातीला केला, तेही उचलले जाऊ शकतात. खड्डे पुन्हा उपसले जातील. आपल्याला जे जपायचे असेल, ते कोणते हे आत्ताच ठरवायला हवे.

काम झालेल्या खाणीचे काय करता येते, याचा नमुना साखळीला आहे. तिथली सेसाची खाण संपल्यावर डंपवर काजू, बांबू आणि इतर झाडे लावली, खड्ड्याच्या पाण्यात मासे वाढवले, फुलपाखरांसाठी उद्यान केले. त्याच परिसरात तांत्रिक शाळा आणि फुटबॉल अकादमी उभी राहिली. लाल मातीच्या ढिगाऱ्यावर सावली उभी करणे सोपे नसते, हे काम मनापासून दाद देण्याजोगे आहे. पण झाडी वाढली, की खाली काय होते ते दिसेनासे होते. तिथे खेळणाऱ्या मुलाला आपण एका खाणीच्या पोटात उभे आहोत, हे कुणीतरी सांगावे लागते. संग्रहालयाचे काम नेमके इथे सुरू होते.

असे संग्रहालय उभारताना फेरोपोलिसकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या खाणीसाठी ग्रेमिन नावाचे खेडे १९८० च्या दशकात उठवले गेले. खड्ड्यात पाणी भरून सरोवर झाले, तेव्हा त्याला ‘ग्रेमिनचे सरोवर’ हे नाव दिले. आपल्याकडेही यंत्रे ठेवणे सोपे पडेल. एक टिपर, एक बार्ज, एक पंप रंगवून उभे केले, की लोक फोटो काढतील. त्यांच्याशेजारी आटलेल्या विहिरीचा नकाशा, वाहून गेलेल्या मळ्याचे नाव, टोपली वाहणाऱ्या बाईच्या मजुरीची चिठ्ठी, कुंभारजुव्याची वाट सांगणाऱ्या तांडेलाचा आवाज हेही हवे. खाणीने दिले ते आणि खाणीने नेले ते, दोन्ही एकाच छपराखाली दिसले, तरच तो आपला इतिहास होईल.

सोडून दिलेल्या कुठल्याही खड्ड्याच्या काठावर मुलांना नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. कडा ढासळतात, पाणी अथांग असते. परवानगी घेऊन, कुंपण घातलेल्या आणि झाडी वाढवलेल्या जागी एक रात्र मुक्काम करता येईल. संध्याकाळी एखाद्या निवृत्त टिपरचालकाने आणि शिरगाव-मयेच्या एखाद्या शेतकऱ्याने मुलांशी बोलावे. दोघांची गोष्ट मुलांनी एकाच बैठकीत ऐकावी आणि प्रश्न विचारावेत.

तोपर्यंत घरचे काम आहे. आपल्या माळ्यावर, कपाटात जुनी हजेरीपुस्तके, पगाराची पाकिटे, खाणीवरचे फोटो, बार्जच्या नोंदवह्या पडल्या असतील. या गणेशोत्सवात त्या काढाव्यात, मागे नाव-गाव-साल लिहावे आणि मंडळाच्या कार्यालयात त्यांच्या प्रती द्याव्यात. घरात जी वडीलधारी माणसे आहेत, त्यांच्याशेजारी बसून त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. पुढच्या स्मरणिकेत त्यांतला निवडक भाग छापायचा आमचा विचार आहे. संग्रहालय उभे राहील तेव्हा राहो, त्यात ठेवण्याजोगे आपल्याकडे काही असले पाहिजे.