ग्वाल्हेरचा निवाडा : एका शहजाद्याच्या अखेरीचा घटनाक्रम

बुधवार, 4 डिसेंबर 1661 रोजी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात शाहजहानचा धाकटा मुलगा मुरादबख्श याचं डोकं उडवण्यात आलं. तख्तासाठी भावाने भावाला मारणं मोगलांना नवं नव्हतं. पण या वेळी फिर्यादी होता, काझी होता, शरीयतचा आधार होता आणि ज्या खुनाबद्दल शिक्षा झाली तो खूनही मुरादने खरोखर केलेला होता. ज्याला मुराद मेलेला हवा होता त्या औरंगजेबाने आपल्याकडे फक्त न्यायाचा मान राखणाऱ्या बादशहाची भूमिका ठेवली होती.

मुराद आपल्याला अगदीच परका नाही. 1649 मध्ये तो दख्खनचा सुभेदार होता. शहाजीराजे विजापूरकरांच्या कैदेत असताना त्यांच्या सुटकेसाठी तरुण शिवाजीराजांनी ज्याच्याशी पत्रव्यवहार केला, तो हाच शहजादा. शूर, उतावळा, दारूचा शौकीन आणि कानाचा हलका. त्याच्या मृत्यूची तयारी त्याच्याच हातून सुरू झाली.

चार वर्षं आधी : 1657, अहमदाबाद, सकाळ

शाहजहान सप्टेंबरात दिल्लीत आजारी पडला आणि चारही मुलांनी कंबर कसली. मुराद तेव्हा गुजरातचा सुभेदार. त्याचा दिवाण अली नकी कडक आणि स्वच्छ हाताचा, त्यामुळे दरबारातले खुशमस्करे त्याच्यावर डूख धरून होते. अली नकी मुरादचा सर्वांत थोरला भाऊ दारा याला फितूर असल्याचं दाखवणारं एक बनावट पत्र त्यांनी तयार केलं, त्यावर त्याचा शिक्का उमटवला आणि ते मुरादच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली.

रात्रभराची नशा पुरती उतरलेली नव्हती. मुरादने दिवाणाला बोलावलं. स्वतः हातात भाला घेऊन बसला. धन्याचा घात करू पाहणाऱ्याला काय शिक्षा द्यावी, असं त्याने विचारलं. मृत्युदंड, असं अली नकीने बेधडक सांगितलं. मुरादने पत्र त्याच्यापुढे फेकलं. ते वाचून अली नकीला हसू आलं. इतकी भोंगळ बनवाबनवी आपल्या धन्याला कळू नये याचं त्याला नवल वाटलं, आणि ते त्याने तोंडावर बोलून दाखवलं. मुरादने भाला त्याच्या अंगात खुपसला.

अली नकीला मुलगे होते. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लेखी महत्त्वाची नव्हती.

5 डिसेंबर 1657 रोजी मुरादने अहमदाबादेत स्वतःला बादशहा जाहीर केलं. त्याच सुमारास त्याचा विश्वासू खोजा शहाबाज याने सुरतेत विरजी व्होरा आणि हाजी जाहिद बेग या सावकारांकडून पाच लाख रुपये काढले. औरंगजेबाशी करार झाला. पंजाब, काश्मीर, अफगाणिस्तान, सिंध मुरादचे, लुटीचा तिसरा हिस्सा मुरादचा. देवाला आणि पैगंबराला साक्षी ठेवून, कुराणाच्या शपथेवर हे ठरलं. कारण काय सांगितलं? दारा पाखंडी आहे, त्याच्यापासून धर्म वाचवायचा आहे. या साऱ्या प्रकरणात धर्माचं नाव वापरात आलं ते इथून.

15 एप्रिल 1658 ला धर्मत आणि 29 मे ला समूगढ, दाराच्या बाजूच्या फौजांशी या दोन लढाया झाल्या. समूगढला मुरादच्या हौद्यात इतके बाण रुतले की तो साळिंदरासारखा दिसत होता. तो हौदा पुढे कित्येक वर्षं दिल्लीच्या किल्ल्यात जपून ठेवला होता. तोंडावर जखमा घेऊन मुराद लढला आणि जिंकला. दहा दिवसांत आग्र्याचा किल्ला पडला, बाप कैदेत गेला.

25 जून 1658, मथुरेजवळ : शिकारीहून परतताना

दोन भावांच्या छावण्या शेजारी शेजारी पडल्या आहेत. मुरादचे लोक त्याला सांगून थकले की औरंगजेबाच्या गोटात जाऊ नका. औरंगजेबाने नुकतेच वीस लाख रुपये आणि 233 घोडे पाठवले आहेत, जखमांची विचारपूस चालू आहे, त्यामुळे मुरादचा संशय मावळत चालला आहे. आज तो शिकारीहून परततो आहे. त्याचा खास नोकर नुरुद्दीन याला औरंगजेबाने आधीच फोडलेलं आहे. वाटेत थोरल्या भावाकडे डोकावून जावं, असं तोच सुचवतो. मुराद घोडा वळवतो.

जेवणानंतर

औरंगजेब पुढे येऊन स्वागत करतो. बर्निये हा फ्रेंच वैद्य सांगतो की तो मुरादला ‘हजरत’ म्हणत असे, आणि त्या दिवशी काबूल आणि शिराजची दारू समोर ठेवली गेली. स्वतः औरंगजेब दारूला शिवत नसे, हे सगळ्या छावणीला माहीत होतं. जेवण होतं. शिकारीचा शीण आहे, थोडं पडून घ्या, असं सांगून औरंगजेब आत जातो.

मुराद कमरेची हत्यारं काढून पडतो. शहाबाज पायाशी बसलेला आहे, आणि तो जागा आहे तोवर काही करता येत नाही. मग अंग चेपायला एक दासी येते. शहाबाज बाहेर पडतो आणि तिथेच गुपचूप पकडला जातो. मुरादला गाढ झोप लागते. दासी उठते आणि तलवार, कट्यार उचलून बाहेर नेते.

औरंगजेबाचा सरदार शेख मीर माणसं घेऊन आत शिरतो. पावलांच्या आवाजाने मुराद जागा होतो, हात उशाकडे जातो, तिथे काही नाही. तो झटापट करत नाही. कुराणावर घेतलेल्या शपथेची आठवण करून देतो. पडद्यामागून औरंगजेबाचं उत्तर येतं : तुझी वागणूक बिघडली आहे, ती सुधारेपर्यंत काही दिवस तुला नजरेखाली ठेवायचं आहे, जिवाला धोका नाही.

मध्यरात्र

पडदे लावलेले चार हत्ती चार दिशांना निघतात. मुराद कुठल्या हत्तीवर आहे हे त्याच्या माणसांना कळू नये, म्हणून ही योजना. तो दिल्लीच्या वाटेवर, सलीमगढच्या किल्ल्याकडे. दिवस उजाडतो तेव्हा त्याचं वीसेक हजारांचं सैन्य बिनसरदाराचं झालेलं असतं. पगाराची हमी मिळते, आणि ते औरंगजेबाच्या चाकरीत जातं. कुराणावरची शपथ मोडली म्हणून त्या छावणीत कुणी तलवार उपसली नाही.

जानेवारी 1659 : ग्वाल्हेर

सलीमगढ राजधानीच्या फार जवळ. म्हणून मुरादची रवानगी ग्वाल्हेरला झाली. गावावर शंभरेक मीटर उभा चढलेला तो वालुकाश्माचा लांबट डोंगर पाहिला की हे ठिकाण का निवडलं ते सांगावं लागत नाही. वर मानसिंह तोमराचा मानमंदिर वाडा. बाहेरून निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांची नक्षी, बदकं, हत्ती, केळीची झाडं, आणि पोटात दोन मजले जमिनीखाली. संगीताच्या नादी लागलेल्या राजाने बांधलेला हा वाडा मोगलांनी घराण्यातल्या नकोशा माणसांसाठी वापरला.

केवळ राजपुत्रांसाठीही नाही. जहांगीरने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना याच किल्ल्यात ठेवलं होतं. त्यांच्या आठवणीचा दाता बंदीछोड गुरुद्वारा आजही वर आहे. 1619 मध्ये नक्शबंदी पंथाचे शेख अहमद सरहिंदी यांनाही जहांगीरने इथेच डांबलं, आणि ते त्याने स्वतःच्या आठवणींत नोंदवून ठेवलं. तख्तापुढे न झुकणारा धर्मपुरुष आणि तख्तावर हक्क सांगणारा शहजादा, दोघांचीही जागा एकच होती.

5 जून 1659 : दिल्ली, राज्यारोहण

ग्वाल्हेरच्या देहदंडाची खरी तालीम दिल्लीत झाली, असं मला वाटतं. बादशहाच्या नावाने खुतबा, म्हणजे मशिदीतलं प्रवचन, वाचला गेल्याशिवाय राज्य पक्कं होत नाही, आणि मुख्य काझी अडून बसला. बाप जिवंत असताना मुलाच्या नावाने खुतबा वाचणं शरीयतला मान्य नाही, असं त्याने सांगितलं. राज्य जिंकलेल्या, बापाला कोंडलेल्या आणि हाताशी फौज असलेल्या माणसाला त्याने हे सांगितलं. त्या माणसाच्या धैर्याची आपल्या इतिहासात फारशी वाखाणणी झालेली नाही, ती व्हायला हवी.

मग गुजरातचा अब्दुल वहाब पुढे आला. शाहजहान आजारी आहे, राज्य चालवायला असमर्थ आहे, म्हणजे तख्त रिकामंच आहे, असा अर्थ त्याने लावून दिला. खुतबा वाचला गेला. अब्दुल वहाब मुख्य काझी झाला.

इथे युरोपची आठवण होते. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचे चार सरदार 1170 मध्ये कँटरबरीच्या चर्चमध्ये शिरले आणि त्यांनी आर्चबिशप थॉमस बेकेटला मारलं. चार वर्षांनी त्याच हेन्रीला अनवाणी चालत त्याच्या समाधीपाशी जावं लागलं आणि मठवासीयांचे फटके पाठीवर घ्यावे लागले. चर्चपाशी स्वतःची जमीन होती, न्यायालयं होती, आणि रोममध्ये पोप होता. मोगलांच्या काझीला नेमणूक, पगार आणि बडतर्फी तिन्ही एकाच हातून मिळत. नाही म्हणणाऱ्याच्या पाठीशी कुणी नव्हतं.

30 ऑगस्ट 1659 ला दाराचा शिरच्छेद झाला. धर्म सोडल्याचा आरोप, मौलवींचा कौल आणि मग सुरी.

अकरा महिने आधी : जानेवारी 1661

दाराचा मुलगा सुलेमान शुकोह गढवालच्या राजाच्या आश्रयाला होता. त्यालाही पकडून दरबारात आणलं. पोस्त देणार असाल तर आत्ताच मारा, एवढंच त्याने मागितलं. पोस्त म्हणजे अफूची बोंडं रात्रभर भिजत घालून केलेलं पाणी. ग्वाल्हेरला कैद्याला ते पहाटे पाजत, आणि ते प्यायल्याशिवाय खायला देत नसत, असं बर्निये लिहितो. काही महिन्यांत अंग वाळतं, बुद्धी जाते. औरंगजेबाने सर्वांदेखत शब्द दिला की पोस्त दिलं जाणार नाही. सुलेमानला ग्वाल्हेरला नेलं आणि पोस्त सुरू झालं. मे 1662 मध्ये तो गेला.

मुरादच्या बाबतीत घाई करण्याचं कारण त्याच्या माणसांनी दिलं.

कैदेतली एक रात्र

मुरादचे काही जुने नोकर वेष पालटून किल्ल्याच्या पायथ्याशी राहिले होते. एका रात्री तटाला दोराची शिडी लागली, खाली घोडा तयार. सगळं जमलं होतं. मुरादची लाडकी सरसुनबाई त्याच्याबरोबर कैदेत होती. तिचा निरोप घ्यायला तो गेला. आपल्याला कुणाच्या भरवशावर टाकून जाता, म्हणून ती मोठ्याने रडू लागली. पहारेकरी जागे झाले, मशाली पेटल्या, शिडी सापडली.

ही हकिगत खाफीखान सांगतो. औरंगजेबाच्या राजवटीचा हा इतिहासकार मुरादच्या पदरी असलेल्या माणसाचा मुलगा, त्यामुळे त्याच्या लिहिण्यात इथे जिव्हाळा जाणवतो. मला तर मुरादच्या साऱ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट त्याच्याबद्दल माया वाटायला लावते. तो शिडी सोडून निरोप घ्यायला गेला.

अखेरचे आठवडे : फिर्याद

जिवंत मुराद धोक्याचा, हे आता नक्की झालं. पण जिवाला धोका नाही असा शब्द दिलेला. भावाला उघड मारावं तर दारावर ठेवला तसा पाखंडाचा आरोप मुरादवर बसत नव्हता. तेव्हा चार वर्षांपूर्वीचा अली नकी आठवला.

शरीयतमध्ये खुनाचा दावा मृताच्या वारसांचा असतो. त्यांनी जिवाबद्दल जीव मागावा, रक्ताची भरपाई म्हणून पैसे घ्यावेत किंवा माफ करावं. जिवाबद्दल जीव मागण्याच्या या हक्काला किसास म्हणतात. वारस अडून बसला तर राजालाही शिक्षा टाळता येत नाही. दुर्बळाच्या बापाला सरदाराने मारलं तर त्याचा न्याय पैशावर दाबला जाऊ नये, यासाठी ही तरतूद किती मोलाची होती! औरंगजेबाला नेमका तिचाच उपयोग दिसला. वारसाने हट्ट धरला की आपले हात बांधलेले.

अली नकीच्या थोरल्या मुलाला दावा लावायला सांगितलं. तो नाही म्हणाला. ज्याचा बाप खरोखर भाल्याने मारला गेला होता, त्याने हा सूड नाकारला. धाकटा तयार झाला. त्याला ग्वाल्हेरला पाठवण्यात आलं आणि तिथल्या काझीला खटला चालवण्याचा हुकूम गेला.

4 डिसेंबर 1661 : ग्वाल्हेर

मुरादपुढे फिर्यादी उभा राहतो. पैसे घेऊन मिटवण्याची वाट कायद्याने खुली आहे. तो पैसे नाकारतो, जीवच मागतो.

मुरादने बचाव केला नाही. मदिरेने आणि उतावळेपणाने आयुष्य वाया घालवलेल्या या माणसाला शेवटी सगळं लख्ख दिसलं असावं. त्याच्या बोलण्याचा आशय असा की बादशहाने दिलेला शब्द पाळून मला जगू दिलं तर त्याच्या राज्याचं काही बिघडत नाही. आणि मारायचंच असेल, तर असल्या क्षुद्र माणसांना माझ्यासमोर आणण्याचं कारण काय? त्याच्या हाती सत्ता आहे, त्याने हवं ते करावं.

काझीने शिक्षा सांगितली. दोन गुलाम पुढे आले, दोन घाव पडले. मुराद सदतीस वर्षांचा होता. किल्ल्यातच, राजद्रोह्यांसाठी राखलेल्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आलं.

त्यानंतर

औरंगजेबाने अली नकीच्या थोरल्या मुलाला, म्हणजे ज्याने दावा लावायला नकार दिला त्याला बक्षीस दिलं. शहजाद्याच्या रक्ताची भीड ठेवली म्हणून! ज्याने त्याच्या मनासारखं केलं तो धाकटा या कौतुकाचा धनी झाला नाही.

अब्दुल वहाब शेवटपर्यंत मुख्य काझी राहिला आणि अमाप संपत्ती मागे ठेवून गेला. त्याचा मुलगा शेख-उल-इस्लाम याने त्या संपत्तीतला आपला वाटा घेतला नाही. पुढे तोही मुख्य काझी झाला. विजापूर आणि गोवळकोंडा या मुसलमान राज्यांवर चालून जाणं धर्माला धरून आहे का, असं औरंगजेबाने विचारलं, तेव्हा त्याने नाही असं उत्तर दिलं, पद सोडलं आणि तो मक्केला निघून गेला.

ग्वाल्हेरला झाला तो न्याय नव्हता, खून होता. काझीची सही असली तरी तो खूनच, आणि अली नकीला न्याय मिळाला असंही म्हणता येत नाही, कारण त्या खटल्यात अली नकीची कुणाला पर्वा नव्हती. शेख-उल-इस्लामच्या नकाराने दख्खनची स्वारी थांबली नाही. 12 सप्टेंबर 1686 ला विजापूर पडलं, पुढच्या सप्टेंबरात गोवळकोंडा.